बंब सिग्नलला का थांबला

"ब्रेक!" मी ओरडलो आणि शिकवणाऱ्यासाठी माझ्या बाजूला बसवलेला ब्रेक पूर्ण दाबला.

चाकं थांबली. बंब मात्र मागून कोणी खांद्याने ढकलावं तसा आणखी पुढे घसरला आणि झेब्रा क्रॉसिंगवर जाऊन उभा राहिला. बंपरपासून वीतभर अंतरावर एक म्हातारे गृहस्थ भाजीची पिशवी धरून उभे होते. सायरन त्यांना ऐकू गेला होता की नाही, देव जाणे. ते जागचे हलले नाहीत. सावकाश मान वर करून त्यांनी काचेतून आमच्याकडे पाहिलं.

"क्या मियाँ," ते म्हणाले, "आग बुझाने जारे कि लगाने?"

मलकपेठच्या बाजूचा चौक होता. सकाळची वेळ, रहदारी बेताची, सिग्नल लाल. गाडी चालवणारा माझा ट्रेनी श्रीशैलम स्टिअरिंग घट्ट धरून म्हणत होता, "सर, रास्ता खाली था. सायरन चालू था सर."

मी म्हातारबाबांना हात जोडले, ते पलीकडे जाईपर्यंत थांबलो आणि श्रीशैलमला खाली उतरवलं. परतताना गाडी मी चालवली.

मी बिरादार. अग्निशमन खात्यात आधी बंब चालवायचो, आता बरीच वर्षं तो चालवायला शिकवतो. आमचं घराणं उदगीरकडचं, शेतीवालं. आजोबा हैदराबादला आले आणि इथलेच झाले. त्यामुळे घरी मराठी, खात्यात तेलुगू, आणि रस्त्यावर ती भाषा जी त्या म्हाताऱ्यांनी वापरली.

आमच्याकडे बंब चालवणाऱ्याला ड्रायव्हर-ऑपरेटर म्हणतात. गाडी आगीपर्यंत नेणं हे त्याचं अर्धं काम. पोचल्यावर इंजिनाची ताकद चाकांकडून काढून पंपाला द्यायची आणि पाणी किती जोराने सोडायचं ते सांभाळायचं, हे उरलेलं अर्धं. लोकांना वाटतं दुसरं काम अवघड. माझा अनुभव उलटा आहे. पंप शिकवता येतो. पाय शिकवणं कठीण.

त्या दिवशी टाकी मी मुद्दाम अर्धी भरून घेतली होती. भरलेली टाकी जड असते, पण गुमान बसते. रिकामी हलकी असते. अर्धी सगळ्यात वाईट. घागर अर्धी भरून डोक्यावर घेतलेल्या बाईला विचारा. चालताना पाणी मागे-पुढे हिंदकळतं आणि बाईला आपल्याबरोबर ओढतं. बंबाच्या टाकीत लाटा मोडायला मध्ये पत्रे बसवलेले असतात. तरीही ब्रेक लावला की थोड्या वेळाने पाणी मागून येऊन धडकतं. वर्गात मी हे फळ्यावर काढून दाखवलं होतं. श्रीशैलमने मान डोलावली होती. पाठ म्हणूनही दाखवलं होतं.

हा मुलगा बॅचमधला सर्वोत्तम ड्रायव्हर होता, हीच अडचण. मैदानात रबरी कोन मांडून आम्ही उलट्या गिअरमध्ये वळणं घ्यायला लावतो. बाकीच्यांनी कोन पाडले, तुडवले, एकाने तर चाकात अडकवून फरफटत नेला. श्रीशैलमने एकाही कोनाला धक्का लागू दिला नाही. गल्लीत गाडी घालणं, उतारावर उभी करणं, सगळं लोण्यासारखं. फक्त सायरन लावला की तो दुसराच माणूस व्हायचा. खांदे वर, नजर थेट पुढे, पाय खाली. मलकपेठला झालं ते पहिल्यांदा नव्हतं. आधीही दोनदा मला ब्रेक मारावा लागला होता.

आमचे ट्रेनिंगचे प्रमुख राघव राव साहेब. मी त्यांना सांगितलं, श्रीशैलमला पास करता येणार नाही.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते सगळ्यांच्या नावापुढे तेलुगूतलं आदराचं 'गारू' लावतात. "बिरादार गारू, फायर स्टेशनं ड्रायव्हरसाठी ओरडतायत. गाड्या आल्यात, चालवायला माणूस नाही. आणि तुम्ही सगळ्यात चांगल्या पोराला नापास करताय?"

"साहेब, त्याचा पाय थांबत नाही."

"स्टेशनवर जाऊन शिकेल. सगळे तसेच शिकले. तुम्हीसुद्धा."

"स्टेशनवर समोर कोन नसतात साहेब. माणसं असतात."

 ते वाईट माणूस नव्हेत. त्यांनाही वरून फोन येत होते. शेवटी म्हणाले, "सोमवारी टेस्ट घ्या. पास झाला तर बॅचबरोबर जाईल. नाही झाला तर त्याची नोकरी कायम होणार नाही, हे त्याला तुम्हीच सांगा. मी नाही सांगणार."

मी सांगितलं. कँटीनमध्ये चहा पुढ्यात ठेवून सांगितलं. श्रीशैलमचं नुकतंच लग्न झालेलं, गाव महबूबनगरकडचं. ऐकून तो वाद घालेल असं वाटलं होतं. तो चहाकडे पाहत राहिला.

"सर, याआधी मी काय करत होतो ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. एका खासगी दवाखान्याची अँब्युलन्स चालवायचा.

"अँब्युलन्समध्ये ड्रायव्हरच्या मागे छोटी खिडकी असते सर. त्यातून आवाज येत राहतो. भैया जल्दी, भैया जल्दी. एकदा एक बाई नवऱ्याला घेऊन बसली होती. ती सारखी तेच म्हणत होती. मी सिग्नलला थांबलो. पुढे गाड्या होत्या, जागाच नव्हती. आणि मागचा आवाज बंद झाला." त्याने कप बाजूला सारला. "ती मला काही बोलली नाही. एक शब्द नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं सर. आता सायरन लागला की मला वाटतं, थांबलो तर मागे कोणी तरी गप्प होईल."

 'आधी सुखरूप पोचणं महत्त्वाचं, वेग नंतर' हे वाक्य मी शेकडो पोरांना सांगितलंय. त्या क्षणी ते तोंडातून निघेना. मी त्याला चहा पी म्हटलं.

घरी नल्लकुंट्याला आलो तरी डोक्यात तेच. सुनंदा, माझी बायको, शाळेत शिकवते आणि स्कूटीवर जाते-येते. जेवताना मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अहो, तुमचा तो बंब मागे आला ना, की मला कळतच नाही तो कुठून येतोय. डावीकडे घ्यावं की उजवीकडे? मी तर आहे तिथेच थांबते. मागचे हॉर्न मारतात, पुढचे वळून बघतात, आणि मी मधोमध खांबासारखी उभी."

"पण सायरन ऐकून बाजूला व्हायचं असतं."

"ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही आत बसलेले असता."

भाकरीचा घास हातात राहिला. ती म्हणाली ते खरं होतं. आम्ही पोरांना बंबाच्या आत बसवून शिकवत होतो. बंब अंगावर येताना बाहेरच्याला काय होतं, हे कोणी कधी दाखवलंच नव्हतं. मी स्वतःसुद्धा ते कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी राव साहेबांची परवानगी काढली. माझे जोडीदार इन्स्ट्रक्टर कादरभाई बंब घेऊन निघाले. मी आणि श्रीशैलम बरकतपुऱ्याजवळच्या एका चौकात फुटपाथवर जाऊन उभे राहिलो. कादरभाईंना सांगून ठेवलं होतं: सायरन लावून या चौकातून फिरत राहा, पण दर वेळी वेगळ्या रस्त्याने या. आणि मलकपेठसारखं नको, अगदी सावकाश.

"डोळे मिट," मी श्रीशैलमला म्हणालो. "सायरन ऐकू आला की बंब कुठून येतोय ते बोटाने दाखव."

त्याला हसू आलं. पण मिटले. थोड्या वेळाने सायरन ऐकू आला. त्याने खात्रीने समोर बोट केलं. डोळे उघडले तर बंब मागच्या रस्त्याने येत होता. दोन्ही बाजूंच्या इमारतींवर आपटून आवाज पुढून आल्यासारखा वाटतो. पुढच्या फेरीला त्याने डावीकडे बोट केलं, बंब उजवीकडून आला. मग तो हसायचा थांबला.

"आता डोळे उघडे ठेव आणि लोकांकडे बघ. बंबाकडे नको."

कादरभाई पुन्हा आले. एक ऑटोवाला डावीकडे सरकला. त्याच्या मागचा ऑटोवाला, वाट मोकळी झाली म्हणून, उजवीकडून पुढे घुसला. एका कारच्या सगळ्या काचा बंद, आत गाणी. बंब शेजारी येईपर्यंत त्या माणसाला पत्ता नाही. आणि चौकाच्या मधोमध स्कूटीवर एक बाई, मागे शाळेच्या गणवेशातली मुलगी. बाई थांबली. पुढे जायला निघाली. परत थांबली. मग पाय टेकवून तशीच उभी राहिली. मुलीने आईच्या पाठीत तोंड खुपसलं होतं. कादरभाईंनी बंब केव्हाच उभा केला होता. ते खिडकीतून हात काढून तिला शांतपणे खुणा करत होते, जाओ अम्मा, आराम से जाओ.

श्रीशैलम त्या स्कूटीकडे बघत राहिला. बंब निघून गेला तरी बघत होता.

"सर, मी असतो तर ती तिथेच..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. मग विचारलं, "लोकांना कळतच नसेल तर सायरन कशाला लावायचा?"

"विचारायला," मी म्हणालो. "वाट देता का, असं विचारायला. देतीलच असं नाही. कोणी दिली, कोणी नाही, हे बघूनच पुढे जायचं."

त्यानंतरचे दिवस त्याला एकच काम. गाडी चालवताना दिसेल ते मोठ्याने बोलायचं. "डावीकडे ऑटो, त्याने मला पाहिलं. बाईकवाल्याने नाही पाहिलं. बसच्या पुढचं दिसत नाही." जे बोलतो त्याच्याकडे लक्ष जातं, एवढाच त्यातला मंत्र. आणि लाल सिग्नल असला की सायरन चालू असो नसो, पूर्ण थांबायचं. एकेक रस्ता बघायचा. मग निघायचं. कायदा बंबाला लाल सिग्नल ओलांडायची मुभा देतो, पण समोरच्याच्या डोळ्यांत तो कायदा बसलेला नसतो.

तो बोलायला लागला. पाय उचलायला लागला. मात्र प्रत्येक सिग्नलला त्याच्या कपाळावर घाम यायचा. 

सोमवारी टेस्टला निघालो. टाकी पूर्ण भरलेली, मागे बॅचमधलेच चार फायरमन, श्रीशैलम चालवायला, शेजारी मी. कुकटपल्लीच्या बाजूला जाऊन परत यायचं ठरलं होतं. अर्धी टेस्ट झाली आणि वायरलेस बोलू लागला. कुकटपल्लीतल्या कारखान्यांच्या भागात थर्मोकोलच्या एका गोदामाला आग. दोन कामगार छतावर अडकलेत. जवळच्या स्टेशनचा एक बंब दुसऱ्या कामावर, दुसरा निघालाय. आम्ही कुठे आहोत, असं कंट्रोल रूम विचारत होती.

आम्ही जवळच होतो.

खरं तर मी स्टिअरिंग घ्यायला हवं होतं, असं कोणीही म्हणेल. पण बंबावरचा प्रमुख गाडी चालवत नाही. त्याने वायरलेसवर बोलायचं असतं, जागेची माहिती घ्यायची असते, पोचल्यावर कोण काय करणार हे वाटेतच ठरवायचं असतं. मागच्या चौघांतला कोणी श्रीशैलमच्या जवळपासही नव्हता.

"चालवशील?" मी विचारलं.

"चालवतो सर." आवाज कोरडा होता.

सायरन लावला. तो बोलत होता, "उजवीकडे टँकर, थांबला. बाईक, पाहिलं. ऑटो, पाहिलं." मी एका कानाने त्याचं आणि दुसऱ्याने वायरलेस ऐकत होतो. मग मोठा चौक आला. सिग्नल लाल. आमच्या बाजूच्या गाड्या फाकल्या आणि मध्ये सरळ वाट झाली. नवरदेवाच्या वरातीला मिळावी तशी वाट. डावीकडे एक बस उभी होती, तिच्या आडचा रस्ता दिसत नव्हता.

श्रीशैलमने बंब थांबवला.

मागून पोरं ओरडली. त्यांची पहिलीच खरी आग. "चलो रे! अण्णा, चलो, जल्दी! रास्ता खाली है!" कोणी तरी पत्र्यावर हात आपटले.

श्रीशैलमच्या नाकावरून घाम ओघळत होता. "बसच्या मागचं दिसत नाही," तो स्वतःशीच म्हणाला. पुन्हा म्हणाला, "दिसत नाही." पाय ब्रेकवरच.

माझ्या तोंडावर 'चल' हा शब्द आला होता. वायरलेसवर छतावरच्या माणसांबद्दल बोलणं चाललं होतं.

तेवढ्यात बसच्या आडून लाल भिंत निघावी तसा दुसरा बंब निघाला. त्याच आगीकडे चाललेला. भरधाव. त्याचाही सायरन चालू, दिवे चालू. आमच्या नाकासमोरून गेला तेव्हा आमची गाडी वाऱ्याने हलली. त्याचा आवाज मला तो समोर येईपर्यंत ऐकू आला नव्हता. आपला सायरन आपल्याच डोक्यावर वाजत असतो. त्यालाही आमचा ऐकू आला नसणार. दोन भरलेल्या टाक्या, दहा-बारा माणसं. 

श्रीशैलमने डावीकडे पाहिलं. उजवीकडे पाहिलं. परत डावीकडे पाहिलं. "सर, आता दिसतंय," म्हणाला आणि निघाला.

गोदामापाशी आम्ही दुसरे पोचलो. चौकातून पुढे गेलेल्या त्या बंबाने शिडी लावली होती आणि पाणी सुरू केलं होतं. त्यांचा ड्रायव्हर मल्लेश, जुना माणूस, आम्हाला बघून ओरडला, "ट्रेनिंगची बैलगाडी आली!" थर्मोकोलचा धूर काळा आणि चिकट असतो. छत दिसेनासं होत होतं. एक कामगार शिडीवरून खाली आला होता. दुसरा भिऊन कठड्याला धरून बसला होता, आणि फायरमन वर जाऊन त्याला सोडवत होता. खाली पाण्याचा पडदा धरल्याशिवाय ती शिडी टिकली नसती. आणि एका बंबाची टाकी जोरात चालवली तर बघता बघता संपते.

आमचं पाणी त्यांच्या बंबाला जोडायचं होतं. पोरांनी पाइप टाकला. श्रीशैलमने पंप जोडला. इथेही घाई चालत नाही. पाणी एकदम सोडलं तर पाइपाला हिसका बसतो आणि पुढे धरलेला माणूस आडवा होतो. त्याने व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडला, काट्यावर नजर ठेवून. मल्लेशच्या पाण्याचा जोर एकदाही कमी झाला नाही. तो दुसरा कामगार फायरमनच्या पाठोपाठ, एकेक पायरी चाचपत उतरला. खाली आल्यावर त्याने पाणी मागितलं. एवढ्या पाण्यात कोणाकडे प्यायचं पाणी नव्हतं. शेवटी शेजारच्या कारखान्यातून बाटली आणली.

गोदाम गेलं. माणसं वाचली. आमच्या हिशेबात हा चांगला दिवस.

पाइप गुंडाळताना मी मल्लेशला बाजूला घेतलं. "मोठ्या चौकात बसच्या आड आम्ही होतो," मी सांगितलं.

"कुठे? मला नाही दिसलात. सायरन नाही ऐकू आला."

"आम्हालाही तुझा नाही आला."

तो हसायला गेला आणि हसू अर्ध्यावर राहिलं. बराच वेळ तो हातातला पाइप गुंडाळायचं विसरला. मग श्रीशैलम पंपाजवळ उभा होता तिथे गेला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून परत आला.

श्रीशैलम पंप बंद करत होता. मी विचारलं, "मागची पोरं ओरडत होती तेव्हा काय झालं?"

"भीती वाटली सर. खूप." त्याने हात पुसले. "पण ती ओरडत होती ना सर, म्हणजे ती होती. मागे कोणी गप्प झालं नव्हतं. मला पुढचं बघायचं होतं."

तो बरा झाला असं मी म्हणणार नाही. अशा गोष्टी बऱ्या होत नसाव्यात. पण पाय थांबला होता, आणि मला तेवढंच तपासायचं होतं.

संध्याकाळी राव साहेबांचा फोन. "कंट्रोल रूम विचारतेय, तुम्ही जवळ असून मागून कसे पोचलात? जीपीएसवर चौकात गाडी थांबलेली दिसतेय. उशिराचं कारण द्यावं लागेल. काय सांगू?"

"सांगा, सिग्नल लाल होता."

 मग मी बसच्या आडून काय निघालं ते सांगितलं. 

"आणि टेस्ट?" त्यांनी विचारलं.

"पास."

श्रीशैलम बॅचबरोबर बाहेर पडला. आता एका स्टेशनवर बंब चालवतो. त्याच्या उशिराची चौकशी झाली आणि मिटली. ज्यांनी विचारलं त्यांनी नियमानुसारच विचारलं होतं. न झालेल्या अपघाताची नोंद करायला आमच्याकडे रकाना नाही, त्यामुळे थांबलेल्या ड्रायव्हरला कागदावर फक्त उशीर दिसतो. हे मी आता नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगून टाकतो, म्हणजे नंतर वाईट वाटत नाही. आणि अभ्यासात एक गोष्ट वाढवली आहे. मोठा चौक आला की आपला सायरन क्षणभर बंद करायचा, आणि दुसऱ्या कोणाचा वाजतोय का ते ऐकायचं.